तारेचा रोध

फळ्यावर गणित घालताना मी शेवटी एक ओळ हमखास लिहायची: तार का प्रतिरोध नगण्य मानिए. आमची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे ओळही हिंदीत. तारेचा रोध शून्य धरला की उदाहरण पटकन सुटतं. मुलं खूश, आणि मीही घंटा व्हायच्या आत मोकळी. वीस वर्षं शिकवलं मी असं, आणि त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. जबलपूरजवळ महाराजपूरच्या आमच्या घरात आम्ही दोघंच. मागच्या खोलीत त्यांचा पलंग, उशाशी मशीन, खिडकीत मोठा कूलर. चौथ्याच दिवशी भर दुपारी मशीन किंचाळायला लागलं, लाल दिवा लागला आणि नळीतली हवा थांबली. बाबांचे ओठ काळसर झाले. जवळचा छोटा सिलिंडर लावला तेव्हा कुठे ते सावरले. मशीन भाड्याने देणारा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "दीदी, मशीन एकदम ठीक है. इस कमरे में वोल्टेज ही नहीं पहुँच रहा."

बाबा खवळले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात वायरिंग केलं होतं, आणि या घरातली तार न तार त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली होती. "माझ्या लाइनीत खोट काढून राहिला तो? निघ म्हणावं!"

तो निघून गेला आणि गंमत म्हणजे मशीन गप्प बसलं. पण मी शाळेतून आले की कूलर बंद, आणि बाबांचं बनियन पिळून काढावं इतकं ओलं.

"बाबा, कूलर काहून बंद केला?"

"थंडी वाजून राहिली."

जबलपूरच्या एप्रिल महिन्यात थंडी! मी तणतणत कूलर लावायची, आणि अर्ध्या तासात मशीन पुन्हा किंचाळायचं. मी पुन्हा सिलिंडरकडे धावायची, आणि बाबा हात लांबवून कूलर बंद करायचे. हे असं आठवडाभर चाललं. मला त्यांचा हट्टीपणा दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. राग आला की मला कमीच दिसतं.

मशीनवाल्याचं म्हणणं खरं का ते बघायला रविवारी सकाळी मी त्यांचीच हत्यारांची पिशवी उघडली. आधी बाहेरच्या खोलीतल्या मेन बोर्डावर व्होल्टेज मोजलं: दोनशे बावीस. मग मागच्या खोलीत मशीन आणि कूलर दोन्ही चालू ठेवले आणि तिथे मोजलं: एकशे ब्याण्णव. आता करंट. त्यासाठी चिमट्यासारखा मीटर तारेभोवती बसवावा लागतो. मी ऐटीत तो बसवला. मीटर शून्य दाखवू लागला. काढून परत बसवला, तरी शून्य.

पलंगावरून हसू ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"वा मास्तरीणबाई! दोन्ही तारा धरल्या तर काय दिसेल? जाणारा करंट येणाऱ्याला खाऊन टाकते. एक तार धर. आणि पायात चप्पल घाल आधी."

ही गोष्ट मी दरवर्षी शिकवते. पुस्तकातल्या तारा मात्र वेगवेगळ्या रंगांत, एकमेकींपासून लांब काढलेल्या असतात. चप्पल घालून मी एकच तार धरली. तीन अँपिअर.

वाटेत तीस व्होल्ट हरवत होते आणि करंट तीन, म्हणजे रोध दहा ओहम. एवढ्याशा घरात तारेचा रोध एक ओहमसुद्धा भरायला नको. आणि तीस गुणिले तीन, नव्वद वॉट. मी तोंडाने गणित करत होते आणि मध्येच थांबले. शंभरचा जुना बल्ब हातात धरवत नाही, जवळजवळ तेवढी उष्णता आमच्या भिंतीत कुठेतरी रोज निघत होती, आणि भिंतीला लागून बाबांचा पलंग होता.

"कुठे असेल हो?" मी विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही. नुसता हात मागे नेऊन दाराच्या वर बोट दाखवलं. "तिथे. जुन्या अॅल्युमिनियमला तांब्याची तार पिळून जोडली आहे."

मी बघतच राहिले. हा जोड सैल पडतो, तापतो, म्हणून दुसऱ्यांनी केलेले असे जोड त्यांनी किती घरांत शिव्या देत उपटले होते!

"तुम्ही? असा जोड?"

"तुझी बारावीची परीक्षा होती. ही खोली नवीन बांधली, तार कमी पडली. म्हटलं, पोरीला आज लाइट पाहिजे, नंतर बदलून टाकू." थोडा दम घेऊन म्हणाले, "राहून गेलं."

मला त्या खोलीतला पिवळा बल्ब आठवला. त्याच्याखाली बसून मी हीच सूत्रं पाठ केली होती. मी उठून मिस्त्रीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर लावून आम्ही दुपारपर्यंत लाइन बंद ठेवली. मिस्त्रीने प्लास्टर फोडलं. आतली टेप जळून कोळसा झाली होती. बाबा पलंगावरून त्याला हुकूम सोडत राहिले. नवी तार ओढून झाल्यावर मोजलं तर खोलीत दोनशे वीस भरले. कूलर लावला, मशीन चालू केलं. अर्धा तास झाला, तासही झाला, मशीनने चूं केलं नाही. बाबांना झोप लागली.

मीटर त्याच्या कव्हरमध्ये ठेवायला गेले तर आत औषधाचं पाकीट घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर बाबांचं वाकडं अक्षर आणि तारीख, मशीनवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी शाळेत असताना नाकात नळी घेऊन ते उठले होते आणि त्यांनी सगळं मोजलं होतं.

कूलर चालू: ३० व्होल्ट कमी, ३ अँपिअर, ९० वॉट. भिंत जळेल.

कूलर बंद: १५ व्होल्ट कमी, दीड अँपिअर, २२ वॉट. चालेल.