भागूबाईची शिडी

कारखान्यात तिला सगळे भागूबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. नाव ठेवलं होतं बाबांनीच, ती सहा वर्षांची असताना. शिड्या बनवणाऱ्यांच्या घरात जन्माला येऊन पोरगी तिसऱ्या पायरीवरून भोकाड पसरते म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? पस्तिशी उलटली तरी नाव चिकटून होतं आणि भीतीही. चौथ्या पायरीवर पाय ठेवला की ती तिथूनच परत फिरायची.

बाकी लाकडाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पायरीचं लाकूड बोटाने वाजवून आत गाठ आहे की नाही ते ती सांगायची. मिस्त्री तीस वर्षं रंधा मारत होते, पण शंका आली की निमूटपणे लाकूड तिच्यापुढे आणून ठेवायचे. आठ माणसांचा तो पत्र्याचा कारखाना खरं तर तीच चालवत होती. एकच काम बाबांकडे होतं आणि नेमकं तेच आता अडलं होतं.

त्या कामामागे आजोबांची एक चूक होती. सुरुवातीला ते शिड्या झकपक रंगवून विकायचे. अशाच एका शिडीवरून एक रंगारी पडला, मांडीचं हाड मोडलं. आजोबांनी तुटलेली पायरी घरी आणली आणि तिचा रंग खरवडला. खाली अंगठ्याएवढी गाठ निघाली. त्या दिवसापासून घरात दोन नियम झाले. शिडीला रंग लावायचा नाही, लाकूड गिऱ्हाइकाला उघडं दिसलं पाहिजे. आणि दाराबाहेर जाण्याआधी प्रत्येक शिडीवर घरातल्या माणसाने चढायचं, वरून दुसऱ्या पायरीवर उभं राहून शंभरपर्यंत मोजायचं. कामगाराला चढवायचं नाही. "पडायचंच असेल तर आपल्यातलं कुणीतरी पडू दे," आजोबा म्हणायचे. तो रंगारी पुढेही त्यांच्याकडूनच शिड्या नेत राहिला. तो लंगडत दारात आला की आजोबा हातातलं काम टाकून उभे राहायचे.

आजोबांनंतर चाळीस वर्षं बाबा चढले. मग त्यांना चक्कर यायला लागली आणि डॉक्टरांनी स्टुलावर चढायलाही बंदी केली. आईचे गुडघे गेलेले. भाऊ दूर नोकरीला, त्याला शिडीचं नाव नको. त्यातच वीज कंपनीकडून साठ शिड्यांचं काम आलं होतं आणि नमुना दोन दिवसांनी दाखवायचा होता.

"वाळूची पोती टांगून बघू की," मिस्त्री म्हणाले. "पोत्याला कुठे चक्कर येते?"

"आणि पोतं पडलं तर त्याच्या घरी कोण रडतं?" बाबा म्हणाले. "घरातलं कुणी चढणार नसेल तर कुलूप लावू. न चढलेली शिडी माझ्या दारातून जाणार नाही."

हे ते तिच्याकडे न बघता बोलले, म्हणून तिला जास्त लागलं.

सकाळी ती चढली. पाचव्या पायरीवर दोन्ही दांड्यांना मिठी मारून, डोळे मिटून थांबली. खाली आठही जणांना अचानक आपापल्या हत्यारांत फार रस वाटू लागला. तिला खाली यायचं होतं, पण पाय खालची पायरी चाचपत राहिला. पाय जाईल तिथे पायरी नव्हती, ती बरीच खाली होती. आणि सापडली तेव्हा पायरीच्या गोल पाठीवर तळवा घसरला. उतरली तेव्हा भीतीपेक्षा राग मोठा होता.

"बाबा, तुमची उंची किती?"

"सहा फूट. आजोबा माझ्याहून उंच."

"मग ही शिडी तुम्हा दोघांसाठीच केलीय." तिने खिळ्यावरची आजोबांची काळी पडलेली मापपट्टी काढली. दोन पायऱ्यांमधलं अंतर साठ वर्षं त्या पट्टीच्या लांबीइतकंच ठेवलं जात होतं. "न घाबरणारी माणसंच चढून बघत आली. लाकूड मोडत नाही एवढंच तुम्ही पाहिलंत. चढणाऱ्याच्या पायाला कुणी विचारलंच नाही."

"त्यांच्या मापाला हात लावायचा नाही."

"मग चढायलाही त्यांनाच बोलवा."

मिस्त्रींचा रंधा थांबला. बाबांना असं कुणी उलटून बोललं नव्हतं. ते बाहेर जाऊन बाकावर बसले. पुन्हा नाही म्हणायला मात्र आत आले नाहीत, आणि तिने त्याचा सोयीचा अर्थ काढला.

दिवसभर ती आणि मिस्त्री राबले. पायऱ्यांमधलं अंतर दोन बोटं कमी केलं. पायरीची वरची बाजू सपाट करून तिच्यावर बारीक खाचा पाडल्या. खालचे पाय वीतभर फाकवले. ऊन उतरता उतरता शेवटची पाचर ठोकली आणि शिडी तुळईला टेकवली. तेव्हा बाबा आत आले आणि खालचे दांडे धरून उभे राहिले.

ती चढली. चौथी गेली, पाचवी गेली. भीती काही पळून गेली नव्हती, तीही बरोबर चढत होती, पण आता पाय टाकला तिथे पायरी सापडत होती. वरून दुसऱ्या पायरीवर तिने मोजायला सुरुवात केली.

"भागूबाई, तेवीसनंतर चोवीस येतात," मिस्त्री खालून म्हणाले.

शंभर झाले. "उतर आता," बाबा म्हणाले.

"थांबा हो जरा. तुळईवर केवढी धूळ साचलीय, चाळीस वर्षं दिसली नाही का तुम्हाला?"

आठही माणसं खो खो हसली. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचा वायरमन, चांगला धष्टपुष्ट गडी, नमुन्यावर चढला आणि उतरला. मग काही कारण नसताना पुन्हा चढला. "साठही अशाच पाहिजेत," तो म्हणाला. साठही शिड्यांवर ती स्वतः चढली, प्रत्येकीवर शंभर मोजून. पुढे दुकानांतून माणसं "बारा पायऱ्यांची भागूबाई द्या" म्हणून मागायला लागली, आणि ते ऐकून ती नाक वर करून हिंडायला लागली. तिचा तो हक्कच होता.

साठावी शिडी गेली त्या दिवशी बाबांनी आजोबांची पट्टी शिकंज्यात धरली आणि करवतीने तिची दोन बोटं कापली.

"त्यांनीही हेच केलं असतं," ते म्हणाले. "आपल्याच शिडीचा रंग खरवडणारा माणूस होता तो."

पट्टी त्यांनी पुन्हा खिळ्यावर अडकवली आणि कापलेला तुकडा तिच्या हातात दिला. तिने सवयीने तो बोटाने वाजवून पाहिला. गाठ नव्हती.