टॅबच्या पलीकडं बसलेली अनू

मंडळी, वरवंडजवळच्या शाळेतून आत्ताच आलोय. डोकं सुन्न झालंय.

पहिलीत चार पोरांत एक टॅब. ही यंत्रं मी कुणाकडं न जाता शिकलोय, म्हणून शाळेनं टॅबचं काम माझ्यावर सोपवलं आन् नियमही मीच घालून दिला होता: टॅब सतरंजीवर मधोमध राहील, कुणी हलवायचा नाही, जागा बदलायच्या नाहीत. अक्षरओळख सगळी त्यावरच.

आज बाई म्हणाल्या, "आप्पा, अनूला अजून वाचताच येईना."

मी टॅब अनूपुढं सरळ धरला. तिला एकही अक्षर ओळखता येईना. मग तिनंच तो उलटा फिरवला आन् घडाघडा वाचलं!

"अगं, उलटं हाय ते!"

"न्हाई आप्पा, मी पलीकडं बसते न्हवं, माझ्या बाजूनं असंच असतंय की."

नियम माझा, आणि बाई तिलाच कच्ची समजत होत्या. तुमच्या शाळेत पलीकडं कोण बसतंय, बघितलंत का?