सुतळीच्या दुसऱ्या टोकाला अक्का

"एकटीला फोकस आणि समोरचं माणूस, दोन्ही सांभाळता येत नाही." वीसेक वर्षांपूर्वी एका सिनिअर कॅमेरामनने मला हे ऐकवलं होतं. तेव्हापासून डॉक्युमेंटरी एकटीच शूट करते... थोडी हौस, बराचसा राग.

गेल्या आठवड्यात धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात होते. विमलअक्का तिथे कापसातला डागी, खराब कापूस वेगळा काढतात. शेडमधली धूळ ओढणारा पंखा कित्येक महिने बंद आहे, हे त्या पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर सांगणार होत्या.

शेड अंधारी, त्यामुळे लेन्स पूर्ण उघडावी लागली. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात मग फोकस जेमतेम चार बोटं टिकतो... माणूस जरा पुढे झुकलं की धूसर. हात कॅमेऱ्याला, कान आवाजाला, म्हणून फोकस ऑटोवर टाकला; कॅमेरा स्वतःच चेहरा शोधतो, त्याभोवती चौकोन काढतो आणि तिथे फोकस धरतो.

अक्कांच्या डोक्याला रुमाल, नाकातोंडाला फडकं, हवेत कापसाचे तंतू. कॅमेऱ्याच्या लेखी तिथे चेहराच नव्हता! तेवढ्यात मुकादम मागे येऊन उभा राहिला. "काय मॅडम, आमले बी ल्या ना पिच्चरमा!" फोकसचा चौकोन थेट त्याच्या तोंडावर. अक्का बोलतायत आणि धूसर... ज्याच्याकडे पंख्याची तक्रार पडून होती तो मात्र मिशीच्या केसांसकट लख्ख.

संताप झाला. आणि त्या संतापात मी काय केलं? अक्कांनाच म्हटलं, फडकं जरा खाली घेता का?

त्यांनी घेतलं. एक वाक्य झालं नाही तोच खोकल्याची अशी उबळ आली की त्या टोपलीवर वाकल्या. कॅमेऱ्याने लगेच त्यांच्या चेहऱ्यावर चौकोन काढला... आणि चौकोन आला म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

पाणी पिऊन अक्का म्हणाल्या, "मना डोया त उघडा शेतस ना वं माय! तुना कॅमेराले तेवढाबी दिखतस नही का?" आजूबाजूच्या बाया हसल्या. खरंच, फडक्यावर डोळे उघडेच होते. मी ऑटोफोकस बंद केला.

मग सुतळी आणली. एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं अक्कांच्या खांद्याशी पदरात खोचलेलं. अंतर एकदाच मोजून फोकस हाताने लावला. सुतळी ताठ असली की डोळे लख्ख, ढिली पडली की मी तेवढीच मागे. अक्का फडक्याआडून बोलल्या, सलग, न थांबता. हात कापूस निवडतच होते. मागचा मुकादम आता धूसर होता.

निघताना त्यांनी एकच सांगितलं, "ते खोकलानं नको दखाडजो." मुलाने पाहिलं तर कामावर जाऊ देणार नाही, ही भीती. मी शब्द दिला.

फिल्म एका चॅनेलसाठी आहे, करारामुळे सगळं फुटेज त्यांना पाठवावं लागतं. खोकल्याचा शॉट वापरू नये, असं मी ठळक लिहून पाठवलं. काल चॅनेलच्या एडिटरचा फोन आला... "मॅडम, फडक्यामुळे प्रेक्षक कनेक्ट होत नाहीत. खोकल्याचा शॉट पॉवरफुल आहे, ओपनिंगलाच घेतोय."

पॉवरफुल! माझ्या चुकीने एका बाईच्या छातीत धूळ गेली, ती यांची ओपनिंग. पंख्याबद्दल अक्का जे बोलल्या, त्यातलं एक वाक्यही घेतलेलं नाही.

त्या कॅमेरामनवर इतकी वर्षं चिडले... त्या दिवशी चौकोनाच्या नादात मी समोरचं माणूस खरंच सोडलं होतं. सुतळी त्यानंतर आली.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर चॅनेलकडे मागते. तो शॉट काढा आणि फडक्याआडून बोलणाऱ्या अक्का ठेवा. एडिट लॉक झालंय, आता बदल नाही, असंच उत्तर येईल, मला माहीत आहे... तरी काढा.