गॉथिक शोधायला निघाले: कंधार, लातूर आणि कडी नसलेलं घर

यंदा आमच्या नांदेडच्या कॉलेजात एम.ए.ला गॉथिक साहित्याचा पेपर आला आणि तो माझ्याच गळ्यात पडला. पडका किल्ला, वादळी हवा, कोंडून ठेवलेली नायिका, घराण्याला लागलेला शाप, भिंतीवरच्या तसबिरीतून रोखून बघणारे डोळे, असा सगळा ठरलेला मसाला. शिकवून शिकवून घसा बसला, पण वर्गात कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शेवटी वैतागून ठरवलं की आपल्याच मुलखात फिरायचं, फोटो काढायचे आणि पडद्यावर दाखवायचे. आमच्याकडे उर्दू शिकवणारी माझी मैत्रीण नसरीन गाडी काढायला तयार झाली.

निघताना माझा मामेभाऊ दत्तादादाचा फोन आला. त्याची मुलगी पल्लवी लातूरला होस्टेलात राहून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास करते.

"शोभे, तिला जरा दोन शब्द सुनाव. लई टिवल्याबावल्या करूलाली. मार्क निम्म्यावर आलेत. पुढच्या टेस्टलाबी असंच झालं तर क्लास बंद. घरी आणतो."

म्हणजे फिरायला निघालेल्या आत्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं. "सुनावते," म्हटलं आणि निघालो.

शनिवारी सकाळी नांदेडहून लोह्यापर्यंत रस्ता बरा होता. तिथून कंधारकडे वळलो आणि खड्ड्यांनी कंबरडं मोडलं. किल्ला मात्र देखणा आहे. पाण्याचा खंदक, एकामागून एक दरवाजे, काळेभोर बुरूज. पण मार्चचं ऊन असं लख्ख की भीतीला लपायला सावली नाही. एका शाळेची सहल चिवडा खात बसली होती आणि अंधारकोठडीत कुणाच्या तरी प्रेमाची खडूने केलेली जाहीर कबुली होती. मी रखवालदारांना आशेने विचारलं, "इथं काही भुताखेताच्या गोष्टी सांगतात का?"

"न्हाई मॅडम. मधमाश्या हायत. त्या बुरजाकडं जाऊ नका."

जाणार असाल तर टोपी, पाणी आणि बंद बूट घ्या. गॉथिक मिळेलच याची हमी नाही. अहमदपूरच्या बाहेर धाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. तिथे मात्र डोळ्यांत पाणी आलं. मग चाकूर मागे टाकून चारच्या सुमाराला लातुरात शिरलो.

लातुरात तुमचं स्वागत फ्लेक्स करतात. चौकाचौकात गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरापोरींचे पुरुषभर उंचीचे चेहरे, खाली त्यांचे मार्क. कुठेही वळा, ते आपल्याकडेच बघतात. नसरीन म्हणाली, "हे घे तुझ्या तसबिरी. काढ फोटो." मी काढलाही. तेव्हा हसायला येत होतं.

पल्लवीचं होस्टेल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. वर पोहोचलो तर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं आणि प्रत्येक दाराला बाहेरून कुलूप. रेक्टरबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. "स्टडी अवर चालू आहे, पाचच मिनिटं," असं म्हणत त्यांनी एक कुलूप काढलं. आत तीन मुली होत्या. पल्लवी बाहेर आली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी सुनावायचं विसरलेच.

"आत्या, मला झोपच येत न्हाई. रात्रीबी कुलूप असतंय. आपल्या घरी तर कडीसुद्धा न्हाई. डोळा लागला की वाटतंय, आता काही झालं तर दार उघडणार न्हाई. मग वर्गात डुलक्या येतात."

"पप्पांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांना वाटेल अभ्यासाचा कंटाळा. ते वर आलेच न्हाईत कधी. खालनंच पेटी देऊन गेले."

मी रेक्टरबाईंशी भांडले. आग लागली तर काय, असं विचारलं.

"अशुभ कशाला बोलता मॅडम? पोरी एकमेकींच्या खोलीत जाऊन गप्पा मारतात म्हणून लावतो. पालकांनीच सांगितलंय, लक्ष ठेवा. तुम्ही पालक आहात का?"

"आणि कुलूप शुभ आहे होय?" नसरीन म्हणाली. पण त्या बाईंना काही पडलेली नव्हती. पल्लवी आत गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत कुलूप लागलं. त्या रात्री बसस्टँडजवळच्या नऊशे रुपयांच्या लॉजवर आम्ही दोघी रेक्टरबाईंच्या नावाने बोटं मोडत बसलो. लॉज स्वच्छ आहे, गरम पाणी फक्त सकाळी.

रविवारी औशावरून दत्तादादाच्या गावी गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव. सरळ रुंद रस्ते आणि एका साच्यातली स्लॅबची घरं. दादाच्या घरात सोयाबीनची पोती राहतात. माणसं राहतात समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. स्लॅबची भीती अजून गेलेली नाही, गावात अशी घरं बरीच आहेत. भूकंपाच्या पहाटे दादाची थोरली बहीण धावत दारापर्यंत पोहोचली होती, पण चौकट खचून कडी अडकली. दादाला खिडकीतून ओढून काढलं, ताई दारापाशीच राहिली. नवं घर मिळालं त्या दिवशी त्याने आधी सगळ्या कड्या उचकटून काढल्या. जिना तर तो चढतच नाही. लग्न वरच्या हॉलमध्ये असलं तर हा अंगणात उभा राहून अक्षता टाकतो.

तो मला जुनं गाव दाखवायला घेऊन गेला. बाभळी, दगडांचे ढीग, चरणाऱ्या शेळ्या. मी सवयीने कॅमेरा वर केला.

"काय बघूलालीस? इथं आपली चूल होती. तू लहानपणी इथं बसून धपाटे खाल्लीस."

मी कॅमेरा बंद करून पर्समध्ये टाकला. मला माझ्या पेपरचा आणि त्यातल्या पडक्या घरांचा भयंकर राग आला. परत येऊन जेवायला बसलो तेव्हा मी पल्लवीच्या कुलपाचं सांगितलं.

"बाहेरून?" दादाने एवढंच विचारलं. ताटावरून उठला, हात धुतले, चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसला. आम्ही ताटं तशीच टाकून लातूरला निघालो.

होस्टेलच्या जिन्यापाशी तो थबकला. मग कठडा धरून एकेक पायरी चढला. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सदरा घामाने चिंब झाला होता. "दार उघडा," म्हणाला. रेक्टरबाई खांदे उडवून म्हणाल्या, "मग घेऊन जा तुमची मुलगी." पल्लवीची पेटी बाहेर आली, आम्ही खाली निघालो. पहिल्याच वळणावर मागून कुलूप लागल्याचा आवाज आला. पल्लवी म्हणाली, "पप्पा, त्या दोघी आतच हायत."

दादा मागे फिरला. त्या दारासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"त्यांच्या बापास्नी फोन लावा. तवर मी इथून हलत न्हाई."

बाईंनी आरडाओरडा केला, मालकाला बोलावते म्हणाल्या. दादा बसून राहिला, एक तळहात फरशीवर सपाट टेकवून. शेवटी पल्लवीनेच नंबर दिले. एक मुलगी देगलूरची, दुसरी उमरीची. दादाने दोघींच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "तुमची लेक आत हाय आन् कुलूप बाहेर हाय, तुम्हाला ठाऊक हाय का?" दोघांनाही ठाऊक नव्हतं. लक्ष ठेवा म्हणजे कोंडून ठेवा, असा अर्थ त्यांनीही काढला नव्हता. देगलूरचे वडील फोनवर इतके ओरडले की बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. अर्ध्या तासात त्या मजल्यावरची सगळी कुलपं निघाली.

पल्लवी आता लातुरातच एका मावशींकडे तळमजल्यावर राहते. झोपते. मार्कांचं काय होईल ते कळेल तेव्हा कळेल. तुम्ही लेकराला लातुरात ठेवणार असाल तर कृपा करून पेटी खाली ठेवून परत फिरू नका, वर जा.

नांदेडला आल्यावर आठवडाभर मी चिडचिडतच होते. एका माणसाने तीन जिने चढेपर्यंत कुणालाच काही करता येऊ नये, याचा संताप जात नव्हता. शेवटी दादाला फोन केला. म्हटलं, वर बसवलं कसं रे तुला? भीती नाही वाटली?

"भ्यालो की. फरशी हलती का म्हून सारखा हात लावून बघत होतो," तो म्हणाला. "हलली असती तर लाथ घालून दार फोडायचं होतं. म्हून तर दारापाशी बसलो."