आबांचा तळहात

जुन्या स्पीकरवरचं, आबांनी लूमवरून आणलेलं कापड काढलं, कांजीचा वास आला आणि माझाच मला राग आला.

तेव्हा सुरतेत, कतारगामच्या आमच्या खोलीत मी मेटल गाणं मिक्स करत होतो. हा एकच स्पीकर होता. ड्रम आणि गिटार काही केल्या जुळेना. कारखान्यात कापडाचे लूम चालवून चालवून बहिरे झालेले माझे वडील, आबा, आले, स्पीकरवर तळहात ठेवून म्हणाले, "ठोका मांगे पडी ऱ्हायना, भाऊ." लूमचा बिघाडही ते असाच हाताने ओळखायचे.

मी खेकसलो, "तुमले आयकू तरी येस का?"

त्यांनी हात काढून घेतला.

आज आबा नाहीत. तेच गाणं लावून मी स्पीकरवर हात ठेवला. ठोका मागेच पडतोय.

कानात घालायला कापसाचा बोळाही न देणाऱ्या त्यांच्या शेठला मी अजून शिव्या घालतो. पण त्या दिवशी खेकसणारा शेठ नव्हता.