पट्टेवाला जागेवर होता

मी वाघाला पास दाखवायला गाडीतून खाली उतरलो. हे आधीच सांगून टाकतो. कारण सासुरवाडीची माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यात माझी विजार नको तितकी ओली होते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून सरकार नागपूरला निघालं, की फायलींबरोबर आम्हा कारकुनांचीही पाठवणी व्हायची. त्या वर्षी माझा पहिल्यांदाच नंबर लागला. नागपूरच्या थंडीबद्दल इतकं ऐकलं होतं की स्टेशनावर उतरलो तेव्हा अंगात दोन स्वेटर आणि कानाला मफलर होता. हमाल सदऱ्यावर होते. मनात मात्र बेत पक्का होता, की रविवारी वाघ पाहायचा. परत गेल्यावर ‘नागपूरला काय पाहिलं?’ असं कुणी विचारलं तर ‘संत्री’ हे उत्तर हेडक्लार्कला शोभत नाही.

शनिवारी सौ.च्या चंद्राआत्यांकडे जेवायला गेलो. त्या लकडगंजात मुलाजवळ राहायच्या. मुलगा शंकरभाऊ एका लाकडाच्या वखारीत मालकाची अँबॅसडर चालवायचा. उमरेडकडच्या जंगलात आता स्वतःची गाडी घेऊन आतून फिरता येतं, असं तोच म्हणाला. मालकाला विचारून गाडीही त्यानंच मिळवली.

“वाघ?” आत्यांची भाकर हातातच राहिली. “मीबी येतो.” (तिकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात.)

“तू काहून (कशाला) वं माय? हाडं मोकळी होतीन रस्त्यानं.”

“मले तुह्या बापाचा निकाल लावाचा हाय.”

बाप वारून सहा वर्षं झाली होती. ते उमरेडचे विणकर. लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन खेडोपाडी विकायचे. एकदा रानवाटेवर म्हणे वाघ आडवा बसला होता. हे गठ्ठा घेऊन जागच्या जागी उभे. वाघानं पाहिलं, उठला आणि निघून गेला. ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं सांगितली आणि आत्यांनी चाळीस वर्षं त्यांना लबाड म्हटलं. शेवटच्या दुखण्यातही ते म्हणाले, “खरं होतं वं ते.” आत्या म्हणाल्या, “चूप पडून राहा.” त्यानंतर ते काही बोललेच नाहीत.

“तेच खुपते मले,” आत्या म्हणाल्या. “एक डाव दाखवा जवाई. तोंड पाह्यलं का समजते मले, माणसाले असा सोडून देनारा हाय का नाही तो.”

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “आत्या, ती जबाबदारी माझी.” हात छातीवर ठेवायला आणखीही एक कारण होतं. विणकरांच्या घरचा सावजी रस्सा नुकताच घशाखाली उतरला होता आणि तो कुठपर्यंत पोचला हे बाहेरून हात लावूनही कळत होतं.

रविवारी उजाडताच निघालो. उमरेडला तर्री-पोहे खाल्ले. आदल्या दिवशीच्या अनुभवानं मी तर्री नको म्हणालो, तर दुकानदारानं आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. पुढे भिवापूरला रस्त्याकडेला अंगणच्या अंगण मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. प्रवाशानं चौकस असावं, म्हणून मी एक मिरची मोडून बिया बोटांवर घेतल्या. अर्ध्या तासानं त्याच बोटांनी डोळे पुसले. त्यानंतरचा विदर्भ मला पाण्याखालून दिसला.

“डोळे नका चोळू, जवाई,” शंकरभाऊ म्हणाला. तोवर चोळून झाले होते.

जंगलाच्या फाटकावर पास घ्यायला मी एकटाच उतरलो. तिथे पाटी होती, ‘गाडीतुन खाली ऊतरू नये.’ त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यानं ती वाचून मी वनरक्षकाला शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि पास फाडून दिला.

“जपून ठेवा साहेब. कोनी मांगितला तं दाखवा.”

“पुढे आहे का कुणी?”

“बोडीपाशी (लहान तळ्यापाशी) पट्टेवाला हाय ना. सकाळपासून बसून राहिला.”

“जागेवर आहे?” मी थक्क झालो.

“जागेवरच हाय.”

“आणि गाडी आली की उठतो?”

“काहून उठंन? त्याचंच राज्य हाय. जेवन झालं असंन तं लोळूनच राहते. मर्जीचा कारभार.”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत पट्टेवाल्याचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं. आमच्या कचेरीतला असाच. मी घंटी वाजवली की तो छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला पुसायला घ्यायचा. पण इथे मी मुंबईहून आलेला साहेब होतो, आणि इथल्या पट्टेवाल्याला उठवायचंच असं मी ठरवून टाकलं.

गाडीत बसता बसता कंटाळून म्हणालो, “पुढे बोडीपाशी पट्टेवाला बसलाय म्हणे.”

आत्या ताठ झाल्या. पदर सारखा केला आणि चक्क हात जोडले. शंकरभाऊनं गाडी हळू केली, आवाज त्याहून हळू केला आणि म्हणाला, “आता कोनी बोलू नका.” सरकारी नोकराचा असा मान विदर्भात अजून टिकून आहे हे पाहून मला भरून आलं.

बोडी आली. काठाच्या गवतात एकच मोकळी फट होती आणि तिच्यात, दहा-बारा पावलांवर, खाकीपिवळं काहीतरी ऐसपैस पसरलं होतं. शंकरभाऊनं इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर आत्या डाव्या खिडकीशी सरकल्या.

मी दार उघडलं आणि पास उंच धरून गवतापर्यंत गेलो. म्हणालो, “अहो, झोपलात काय? उठा!”

तो उठला.

उठतच राहिला. सरकारी माणूस इतका लांब नसतो, हे माझ्या लक्षात यायला लागलं. मग डोळ्यांतलं पाणी ओघळलं आणि पट्टे दिसले. छातीवर एक नव्हे, अंगभर.

पळावं हे सुचलं. पायांना सुचलं नाही. पास हातात तसाच वर. मागून आत्यांचा आवाज आला. जावयाला कधी एकेरी हाक न मारलेल्या त्या बाईचा आवाज.

“सर ना गा बाजूले! दिसू दे मले! सर ना!”

मी सरलो नाही. दोन स्वेटरांनी फुगलेला माझा देह बरोबर आत्यांची खिडकी आणि वाघ यांच्या मधोमध उभा होता. वाघानं माझ्याकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं, भलीमोठी जांभई दिली आणि पाठ फिरवून बांबूत निघून गेला. शंकरभाऊनं मला कॉलरला धरून आत ओढलं.

“जंगलात त्याचं नाव घेत नाही, जवाई,” गाडी चालू करत तो म्हणाला. “पट्टेवाला म्हंजे तोच.”

संध्याकाळपर्यंत फिरलो. चितळं दिसली, मोर दिसले, एक रानडुक्कर दिसलं. आत्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. परतीला भिवापूर मागे पडेपर्यंत मी सहा वेळा माफीचा मसुदा जुळवला आणि सहाही वेळा मनातच फाडला. त्या बाईचा नवरा खरा होता की खोटा, हे कळायची एकच खिडकी होती, आणि तिच्यात मी उभा राहिलो होतो.

“किती लांब होता तुमच्यापासून?” आत्यांनी एकदम विचारलं.

“चार-पाच पावलं.”

“पळाले नाही तुम्ही?”

“पाय उचलेनात.”

“अन् त्यानं?”

“पाहिलं. आणि गेला.”

“असाच गेला?”

“असाच.”

आत्या पुन्हा बाहेर पाहायला लागल्या. एकदा पदर डोळ्यांना लावला. मिरचीला तर त्यांनी हात लावला नव्हता.

लकडगंजात गाडी थांबली तेव्हा शेजारच्या कमळाबाई ओट्यावरच होत्या. “वाघ दिसला काय वं चंद्राबाई?”

“नाही वं. हे मधात उभे होते.” आत्या माझा हात धरून खाली उतरल्या आणि मला नखशिखांत न्याहाळून कमळाबाईंना म्हणाल्या, “पन आमचा बुढा खरं सांगत होता. वाघ येड्याले खात नाही.”