आईचे चार टेक

सिनेमातल्या चुका शोधणं हा माझा छंद नाही, ती माझी खोड आहे. छंद माणूस हौसेनं लावून घेतो, खोड अंगातच असते. वाईत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्यामुळे पडद्यावर माणूस आलं की माझी नजर चेहऱ्याआधी कपड्यावर जाते. नायिका दारातून आत येते तेव्हा बाही कोपराला टेकलेली असते आणि खुर्चीत बसेपर्यंत ती दोन बोटं वर गेलेली असते. शेदोनशे वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेली बाई पाठमोरी वळते आणि तिच्या ब्लाउजला मागून चेन. अशा वेळी मी ओरडतेच. शिवाय आमच्या वाईत बारा महिने कुठलं ना कुठलं शूटिंग चालू असतं. मालिकेत कोकणातलं म्हणून जे गाव दाखवतात ते आमच्या घाटापलीकडचं निघतं. तिथल्या भिंतीवरची शिकवणीवर्गाची जाहिरात मला पाठ आहे, ती झाकायचं सुद्धा हे लोक विसरतात.

ही खोड आईकडून आली. आई माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडं वाईलाच असते. संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो आणि एकेका मालिकेची सालं काढायचो. "आगं, आत्ता हिच्या हातात हिरवा चुडा हुता की," असं आई शांतपणे म्हणायची, आणि खरंच चुडा गायब असायचा. माझा भाऊ मुंबईला भाजी मार्केटात ओझी उचलायच्या कामाला होता. सुट्टीला आला की तो वैतागायचा. तुम्ही मायलेकी गोष्ट बघताय का पंचनामा करताय, म्हणायचा, आणि रिमोट घेऊन कुस्त्या लावायचा.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. मार्केटात काम करता करता खाली बसला तो उठलाच नाही. त्याला गावी आणलं. त्याच्याजवळ आई बसली, हात त्याच्या छातीवर ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

आमच्याकडं बायका नुसत्या रडत नाहीत. हेल काढून रडतात, म्हणजे लांब सूर लावून गेलेल्या माणसाशी बोलतात. त्याला नात्यानं हाक मारतात, त्याच्यावर रागावतात, काय काय राहून गेलं ते सांगतात. ऐकणाऱ्यालाही त्यातून कळतं, की कुणाचं काय गेलं. आईनं शब्द काढला नाही. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटून घेतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बायकांनी तिच्या गळ्यात पडून बघितलं, भावाचा सदरा तिच्या मांडीवर आणून ठेवला. तिनं सदऱ्याची घडी घातली. दिवस झाले, लोक पांगले, तरी तेच. पुढं तिची झोप गेली, जेवण चिमणीएवढं झालं, आणि वाईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या रडल्या पाहिजेत, नाहीतर अवघड आहे.

ते मलाही कळत होतं, पण आईला रडवायचं कसं? मी टीव्ही लावायची आणि मुद्दाम म्हणायची, आई, बघ, हिचं मंगळसूत्र कुठं गेलं. आई टीव्हीकडं बघूनच म्हणायची, "आसंल." तिच्या न रडण्यापेक्षा ह्या "आसंल"ची मला जास्त भीती वाटायला लागली. ही बाई चुका सोडायला लागली म्हणजे तिनं जगच सोडलं, असं मला वाटायचं.

अशात एका सिनेमाचा माणूस दुकानात आला. गर्दीसाठी माणसं गोळा करायचं त्याचं काम. नऊवारीवरचे पाचसहा ब्लाउज उसवून मोठे करून हवे होते. मी मापं लिहून घेत होते तोवर त्याचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या आईकडं गेलं. आजी, मयताचा सीन आहे, येता का, नुसतं बसून रडायचंय, असं तो सरळ तिलाच म्हणाला. माझ्या हातात कात्री होती, ती मी त्याच्या अंगावर फेकली नाही एवढंच. मी त्याला काहीतरी लागट बोलणार, इतक्यात आई म्हणाली, "कवा यायचं?"

मला काही उमगलं नाही. दोन दिवस मी तिला परोपरीनं विचारलं, कशाला जातेस म्हणून. तिनं ठेवणीतलं लुगडं तेवढं बाहेर काढून ठेवलं. मग शिवणाची पिशवी घेऊन मीही तिच्याबरोबर गेले.

नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात, एका घराच्या अंगणात शूटिंग होतं. घरातला कर्ता म्हातारा गेलाय आणि सुना रडतायत, असा प्रसंग. मेलेला नट सकाळी सकाळी अंगणात झोपून चहा पीत होता. मला बघ्यांबरोबर दोरीच्या पलीकडं उभं केलं, जनरेटरच्या शेजारी. त्या आवाजात शब्द काही कळायचे नाहीत. सगळ्यांना गप्प केलं, कुणीतरी खूण केली, आणि बायकांच्या रडण्यातून आईचा सूर वर निघाला.

तो सूर माझ्या अंगावर काटा आणून गेला. माझ्या जन्मात मी आईचा असा आवाज ऐकला नव्हता. दिवे धरलेली पोरं सुद्धा जागच्या जागी थिजली. आणि तेवढ्यात एक कोंबडी मयतावरून चालत गेली. सगळं थांबलं. कोंबडी हाकलण्यात, दिवे हलवण्यात बराच वेळ गेला, मग पुन्हा सुरुवात झाली. दुसऱ्या वेळी मेलेला म्हातारा खोकला. तिसऱ्या वेळी कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि दिग्दर्शकानं अख्ख्या युनिटचा उद्धार केला. दर वेळी मला वाटायचं, आता ही उठून जाईल, किती छळतायत माझ्या आईला. ती गुडघ्यावर हात ठेवून बसून राहायची आणि खूण झाली की पुन्हा तो सूर लावायची. सकाळी सुरू झालेलं हे काम ऊन डोक्यावर येईस्तोवर चाललं. चौथ्या वेळी सूर थांबला तरी दिग्दर्शक "कट" म्हणायचा विसरला. तो आईजवळ गेला, खाली वाकला आणि त्यानं हात जोडले.

आई बाहेर आली, पाणी मागितलं, पाय आखडले म्हणाली. घरी येऊन पिठलं आणि अख्खी भाकरी खाल्ली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. आठवड्याभरानं मालिका चालू असताना भिंतीला टेकून बसलेली आई एकदम म्हणाली, "आगं, ह्येच्या हातातलं घड्याळ कुटं गेलं?" मी मशीन थांबवलं आणि तिच्याकडं बघत राहिले. मला एवढा आनंद झाला की त्या घड्याळाकडं बघायचंच राहिलं. आई भावासाठी रडली, सुटली, असं मी समजले. तिला विचारायचं धाडस झालं नाही, गरजही वाटली नाही.

गेल्या महिन्यात तो सिनेमा टीव्हीवर लागला. रविवारची दुपार होती. आई जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मयताचा प्रसंग आला आणि आई पडद्यावर दिसली. केस सुटलेले, पदर खांद्यावर घसरलेला. पुढच्याच क्षणाला पुन्हा आई, पण पदर डोक्यावर नीट, केस चापूनचोपून. मला राहवलं नाही. केवढी ढळढळीत चूक, मी म्हटलं, आई, तुझाच पदर बघ की, खाली पडला आणि आपोआप वर गेला. आमच्या टीव्हीवर सिनेमा मागं नेता येतो, तसा मी नेला. आता तर चुकांचं पीकच दिसायला लागलं. मयताच्या गळ्यातला हार आधी मलूल आणि मग टवटवीत. आईच्या मागच्या भिंतीवर छपराच्या पन्हाळीची सावली आधी जोत्याजवळ, मग एकदम वर कोनाड्याशी. ऊन चढेल तशी ही सावली खाली उतरायला हवी, ही वर पळत होती. मी खुशीत येऊन आवाज वाढवला.

सिनेमावाल्यांनी आईच्या रडण्यावर संगीत चढवलं होतं, पण खाली तिचे शब्द होते. सुटलेल्या केसांची आई म्हणत होती, "लेकरा, तुज्या आदी मी का गेले न्हाई रं." पदर डोक्यावर असलेली आई म्हणत होती, "बा रं, मी येस्तवर थांबला न्हाईस."

मी पुन्हा मागं नेलं. सिनेमात मेलाय तो तिचा सासरा. तो लेक नाही आणि बाप तर नाहीच. आणखी दोन ठिकाणी आई होती, तिथं कान लावला. एकात ती म्हणत होती, "आत्याबाई, तुमच्या उशापाशी घटकाभर बसाया मिळालं न्हाई वं." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. आणि दुसऱ्यात, "आवं धनी, तुमचं त्वांड बी बगू दिलं न्हाई." हे माझे वडील. सिनेमाच्या लोकांना ह्यातलं काही कळलं नव्हतं, खेड्यातली बाई रडतीय एवढंच त्यांनी बघितलं आणि चार वेळचे तुकडे हवे तसे जोडले.

मी ते तुकडे सावलीवरून ओळीनं लावले. सावली कोनाड्याशी आणि हार ताजा तेव्हा बाप. सावली कोनाड्याच्या खाली आली तेव्हा सासू. दाराच्या कडीपर्यंत आली तेव्हा नवरा. जोत्याला टेकली, हार सुकला, केस सुटले तेव्हा लेक. माणसं तिला ज्या क्रमानं सोडून गेली, त्याच क्रमानं ती रडली होती.

ह्या सगळ्या गोष्टी मला सुट्या सुट्या माहीत होत्या. तिचा बाप गेला तेव्हा ती मेंढरं घेऊन कोकणात उतरली होती. निरोप पोचून ती माहेरी आली तोवर कार्य उरकून बायकांचे डोळे कोरडे झाले होते. सासू गेली तेव्हा ही थोरली सून चुलीपुढं, आल्यागेल्याला चहा देत. वडील कोरोनात गेले, ते आम्हाला लांबून एका गुंडाळलेल्या गाठोड्यासारखे दिसले, आणि आईला धरून ठेवायला दोन माणसं उभी होती. एकेकाचं राहून गेलं होतं. पण ती हे सगळं मनात ओळीनं लावून वर्षानुवर्षं चाललीय, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती तांदळातले खडे वेचत होती. आपल्या घरात इतकी वर्षं कोण राहतंय हे मला नव्यानं कळत होतं, आणि खरं सांगते, मला तिची भीती वाटली, देवळात वाटते तशी.

मी हळूच विचारलं, भाऊ गेला तेव्हा का रडली नाहीस.

ती सूप मांडीवरून खाली ठेवून म्हणाली, "त्वांड उगाडलं की बाच यायचा त्वांडात. लेक म्होरं पडलाय आन ही बापाला रडतीया, लोकं काय म्हनली आसती? आन मोठ्यांचं ऱ्हायल्यालं सोडून लेकाला आदी कसं रडायचं गं? ती सगळी वर रांगंत बसल्याली."

मग शूटिंगमध्ये कसं जमलं, मी विचारलं. तिथलं मयत कुणाचंच नव्हतं, ती म्हणाली, त्यामुळं ते कुणालाही देता आलं.

माझ्या मनात आणखी एक प्रश्न आला, तो मी विचारला. पहिल्याच वेळी त्या दिग्दर्शकाला पसंत पडलं असतं तर?

"मग समदं बापावरच थांबलं आसतं," आई म्हणाली. "लेक तसाच ऱ्हायला आसता. पर ती चुकत गेली बिचारी, कोंबडी काय, खोकला काय. मी मनात म्हनत हुते, द्येवा, आजून येकदा चुकू द्ये."

मी उठले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं घाईघाईनं सूप बाजूला ओढलं, आणि बराच वेळ तिचा हात माझ्या डोक्यावर होता.